बळी तो कान पिळी? – आसईपासून इराकपर्यंत

सुरुवातीलाच एक गोष्ट कबूल करते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. ड्यूक ऑफ वेलिंग्टनवरच्या एका इंग्रजी पुस्तकात मी 'असाये'ची लढाई वाचली तेव्हा हे गाव फ्रान्स-बेल्जियमकडे कुठेतरी असणार असंच समजून पुढे गेले. इथे होस्टेलला आल्यावर भोकरदनकडच्या एका मैत्रिणीला ते दाखवलं, तर ती पोट धरून हसली. म्हणाली, "अगं बाई, हे असाये नाही, आसई! आमच्या घरापासून गाडीवर गेलं की आलंच!"

ज्या लढाईला खुद्द वेलिंग्टन आपली सर्वात मोठी कामगिरी मानत असे, ती आपल्या जालना जिल्ह्यात, भोकरदन-जाफ्राबादच्या पट्ट्यात, केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात झाली. आणि आपल्यातल्या निम्म्या लोकांना ते माहीतसुद्धा नाही! (मी त्यात पहिली.)

पण हा लेख लढाईवर नाही. बलाढ्य देशाने परराष्ट्र धोरण कसे ठरवावे, एकट्याच्या मर्जीने की इतरांना सोबत घेऊन, या प्रश्नावर आहे. इंग्रजीत याला युनिलॅटरलिझम विरुद्ध को-ऑपरेशन म्हणतात. आपण सोपं म्हणू, 'एकतर्फीपणा' आणि 'सहकार्य'. टीव्हीवर हा विषय नेहमी अमेरिकेच्या नावाने चालतो. ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेने भारतातून जाणाऱ्या बऱ्याच मालावरचा जादा कर 50 टक्क्यांवर नेला, तेव्हा होस्टेलच्या टीव्ही रूममध्येसुद्धा क्रिकेट सोडून यावर वाद झाले. बहुतेकांचं म्हणणं एकच होतं, "बळी तो कान पिळी. ज्याच्याकडे ताकद आहे तो करणारच, त्यात नवीन काय?"

हे उत्तर मला अर्धवट वाटतं. का, ते समजून घ्यायला अमेरिकेला जायची गरज नाही. आसईपर्यंत गेलं तरी पुरे!

खर्ड्याचा विजय आणि त्याची किंमत

अठराव्या शतकाच्या शेवटी हिंदुस्थानात सर्वात मोठी सत्ता कोणाची होती? इंग्रजांची नाही, मराठ्यांची. पण मराठ्यांचे राज्य हे एकसंध राज्य नव्हते. पुण्याला पेशवे, ग्वाल्हेरकडे शिंदे, इंदूरकडे होळकर, नागपूरला भोसले आणि बडोद्याला गायकवाड असा तो एक संघ होता. सगळे एकत्र आले तर ही सत्ता कोणालाही भारी होती.

याची दोन उदाहरणे. 1780 च्या सुमारास नाना फडणीसांनी इंग्रजांविरुद्ध पेशवे, नागपूरकर भोसले, निजाम आणि हैदरअली अशी चौघांची आघाडी जुळवली. यातले बरेच जण एकमेकांचे जुने शत्रू! ही आघाडी काही शेवटपर्यंत टिकली नाही, पण इंग्रजांना सगळीकडून पेच पडला. 1782 मध्ये सालबाईचा तह झाला आणि पुढे वीस वर्षे इंग्रज-मराठे युद्ध झाले नाही.

दुसरे उदाहरण 1795 चे, खर्ड्याच्या लढाईचे. सगळे मराठा सरदार एका झेंड्याखाली आले आणि निजामाचा पुरता पराभव झाला. पण त्यानंतर काय झाले ते बघा. निजामावर कोट्यवधींची खंडणी आणि दौलताबादसह मोठा मुलूख देण्याच्या अटी लादण्यात आल्या. ज्या निजामाला नानांनी पंधरा वर्षांपूर्वी आपल्या आघाडीत घेतले होते, तोच आता एकटा आणि अपमानित झाला. त्याने काय केले? दुसरा मित्र शोधला. 1798 मध्ये त्याने इंग्रजांची तैनाती फौज स्वीकारली. म्हणजे मराठ्यांच्या शेजारी इंग्रजांचा कायमचा तळ पडला.

पहिला धडा इथेच मिळतो. बलवानाने एकतर्फी दाबलं की समोरचा गप्प बसतो, पण तो बसल्या बसल्या दुसरा आधार शोधत असतो.

वसईचा तह : सहकार्याच्या कपड्यातला एकतर्फीपणा

1800 मध्ये नाना फडणीस वारले आणि सगळ्यांना एकत्र बसवणारा माणूस गेला. 1801 मध्ये दुसऱ्या बाजीराव पेशव्यांनी विठोजी होळकरांना पुण्यात हत्तीच्या पायी दिले. यशवंतराव होळकर भडकले. 25 ऑक्टोबर 1802 रोजी त्यांनी हडपसरला शिंदे आणि पेशवे यांच्या फौजेचा पराभव केला. बाजीराव पळून इंग्रजांच्या आश्रयाला गेले आणि 31 डिसेंबर 1802 रोजी त्यांनी वसईचा तह केला. शिंद्यांना विचारलं नाही, भोसल्यांना विचारलं नाही. होळकरांचा तर प्रश्नच नाही!

या तहात काय होते? इंग्रजांचे सहा हजार पायदळ पेशव्यांकडे राहील. त्याच्या खर्चासाठी वर्षाला 26 लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख इंग्रजांना द्यायचा. इंग्रजांचे शत्रू असलेल्या युरोपियनांना नोकरीत ठेवायचे नाही. आणि सर्वात महत्त्वाचं म्हणजे, इंग्रजांना विचारल्याशिवाय कोणाशी युद्ध किंवा बोलणी करायची नाहीत.

कागदावर हा 'मैत्रीचा' तह होता. दोन्ही बाजूंच्या सह्या होत्या, संरक्षणाची हमी होती. आजच्या भाषेत 'अलायन्स'. पण नीट पाहिलं तर एका बाजूने आपलं 'नाही' म्हणण्याचं स्वातंत्र्यच विकून टाकलं होतं.

मला वाटतं, या सगळ्या विषयाची किल्ली इथे आहे. आपण समजतो, की एकट्याने केलं की एकतर्फी आणि चार जण सोबत असले की सहकार्य. पण फरक डोकी मोजून कळत नाही. सोबतच्याला 'नाही' म्हणता येतं का, आणि तो 'नाही' म्हणाला तर बलवान आपला बेत बदलतो का, यावरून फरक कळतो. होस्टेलचंच उदाहरण घ्या. उन्हाळ्यात टँकर येतो. सीनियर म्हणतात, "आपण सगळे मिळून पाणी वाटून घेऊ, पण पहिल्या बादल्या आमच्या." आपण मान डोलावतो. हे सहकार्य आहे का? ज्यूनियर्सनी सांगावं!

आसई : जिंकले, पण...

आता आसईकडे येऊ. वसईच्या तहाने चिडलेले दौलतराव शिंदे आणि नागपूरचे रघुजी भोसले एकत्र आले. यशवंतराव होळकर मात्र बाजूला राहिले. त्यांच्या मनात शिंद्यांबद्दलचा राग इंग्रजांबद्दलच्या रागापेक्षा मोठा होता.

ऑगस्ट 1803 मध्ये युद्ध सुरू झाले. जनरल आर्थर वेलस्लीने (हाच पुढचा वेलिंग्टन) अहमदनगरचा किल्ला घेतला. सप्टेंबरच्या सुरुवातीला कर्नल स्टीव्हन्सनने जालन्याचा किल्ला घेतला. 21 सप्टेंबरला या दोघांची आपल्या बदनापूरला भेट झाली. होय, तेच बदनापूर, जिथे आपण एसटीच्या खिडकीतून भजी घेतो! तिथे ठरले, की दोघांनी डोंगराच्या दोन बाजूंनी वेगवेगळे जायचे आणि 24 तारखेला मिळून हल्ला करायचा.

पण 23 तारखेलाच वेलस्लीला शत्रूचा तळ समोर दिसला. स्टीव्हन्सन अजून लांब होता. वेलस्लीने थांबायचे नाही असे ठरवले. वाटाड्यांनी सांगितले, की नदीला जवळपास उतार नाही. पण नदीच्या दोन काठांवर समोरासमोर दोन गावे त्याला दिसली. त्याने तर्क केला, की एवढी जवळची गावे आहेत म्हणजे लोकांची जा-ये असणार, आणि जा-ये असेल तर उतारही असणारच. तो तर्क बरोबर निघाला. (निरीक्षणातून निष्कर्ष कसा काढावा, हे आपल्या प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये लिहिण्यासारखं आहे.)

त्याच्याकडे सुमारे साडेचार हजार कवायती सैन्य होते. शिवाय म्हैसूरचे आणि पेशव्यांच्या बाजूचे मराठा घोडेस्वार होते. म्हणजे त्या दिवशी मराठे दोन्ही बाजूंना होते, हे विसरू नका. समोर शिंद्यांचे दहा हजारांहून जास्त कवायती पायदळ, हजारो घोडेस्वार आणि शंभरच्या आसपास तोफा. शिंद्यांच्या गोलंदाजांनी कमाल केली. इंग्रज अंगावर आले तरी ते तोफा सोडून हटले नाहीत.

संध्याकाळपर्यंत इंग्रज जिंकले. 98 तोफा त्यांच्या हाती लागल्या. पण त्यांचे 428 ठार आणि 1100 हून जास्त जखमी झाले. कवायती सैन्यातला प्रत्येक तिसरा माणूस! सैन्य इतके थकले होते, की हटलेल्या शत्रूचा पाठलागही करता आला नाही. दुसऱ्या दिवशी स्टीव्हन्सन आला आणि त्याचा पहिला वेळ जखमींची व्यवस्था लावण्यात गेला.

दोन महिन्यांनी, 29 नोव्हेंबर 1803 रोजी, वऱ्हाडात अडगावला पुन्हा लढाई झाली. या वेळी वेलस्ली आणि स्टीव्हन्सन दोघे एकत्र होते. इंग्रजांचे पन्नासहूनही कमी ठार झाले. आता आसईत शिंद्यांचे कवायती पायदळ आणि तोफा गेल्यामुळे समोरची बाजू आधीच दुबळी झाली होती, हे मान्य. तरीही दोघांच्या जोडीचा फरक दिसतोच.

आपल्या भाषेत सांगू का? तेवढ्याच लांबीच्या दोन बीम घ्या आणि तेवढाच लोड द्या. एक कॅन्टिलिव्हर, लोड टोकाला. दुसरी दोन्ही टोकांना सपोर्ट असलेली, लोड मध्ये. कॅन्टिलिव्हरच्या मुळाशी येणारा बेंडिंग मोमेंट दुसऱ्या बीमच्या चौपट असतो. कॅन्टिलिव्हर उभी राहत नाही का? राहते. बाल्कन्या काही पडत नाहीत. पण मुळाशी स्टील जास्त घालावं लागतं. एकतर्फीपणाचंही तसंच. जमतं, पण महाग पडतं, आणि ती किंमत मुळाशी असलेला भरतो. आसईला ती शिपायांनी भरली.

जालन्याला कोणी विचारलं?

डिसेंबर 1803 मध्ये भोसल्यांनी देवगावला आणि शिंद्यांनी सुर्जी-अंजनगावला इंग्रजांशी तह केले. दोघे लढले मिळून, पण तह केले वेगवेगळे! शिंद्यांनी अजिंठ्याच्या डोंगराच्या दक्षिणेकडचा मुलूख सोडला. त्यात जालन्याचा किल्ला आणि परगणाही होता. पुढे हा भाग इंग्रजांचा मित्र म्हणून निजामाला मिळाला. 17 सप्टेंबर 1948 रोजी हैदराबाद मुक्त होईपर्यंत आपला जिल्हा निजामाच्या राज्यात राहिला, त्यामागे हा कागद आहे. त्या कागदावर सही करताना इथल्या एकाही शेतकऱ्याला किंवा विणकराला कोणी विचारले नव्हते.

आणि होळकर? 1804 मध्ये ते एकटे उठले. कर्नल मॉन्सनच्या फौजेची त्यांनी दाणादाण उडवली, पण तोपर्यंत शिंदे-भोसले मोडले होते. डिसेंबर 1805 मध्ये त्यांनाही तह करावा लागला.

म्हणजे इंग्रजांचा एकतर्फीपणा यशस्वी झाला म्हणायचा? थोड्या काळासाठी, होय. पण खुद्द लंडनला तो मानवला नाही. गव्हर्नर जनरल लॉर्ड वेलस्लीने (आर्थरचा थोरला भाऊ) वरच्यांना फारसे न विचारता एकामागून एक युद्धे केली, कंपनीचे कर्ज वाढले आणि 1805 मध्ये त्याच्या जागी लॉर्ड कॉर्नवॉलिसला पाठवण्यात आले. निजामाचे काय झाले? फौजेच्या खर्चाची थकबाकी झाली म्हणून 1853 मध्ये त्याच्याकडून वऱ्हाडचा कारभार काढून घेतला. एवढा विश्वासू मित्र, पण त्यालाही 'नाही' म्हणता आलं नाही!

दोनशे वर्षांनी, इराक

आता ही किल्ली अमेरिकेला लावून पाहू. योगायोग असा, की आसईनंतर बरोबर दोनशे वर्षांनी, 2003 मध्ये, इराकचे युद्ध झाले.

अमेरिका इराकशी दोनदा लढली. 1990 मध्ये इराकने कुवेत गिळले, तेव्हा थोरल्या बुश साहेबांनी आधी संयुक्त राष्ट्रांकडे धाव घेतली. 29 नोव्हेंबर 1990 चा ठराव क्रमांक 678 झाला, तीसहून जास्त देश एकत्र आले, त्यात इजिप्त आणि सीरियासारखे अरब देशही होते. युद्धाचा खर्च सुमारे 61 अब्ज डॉलर आला. त्यातले 50 अब्जांहून जास्त इतर देशांनी दिले. कुवेत मोकळे झाले आणि युद्ध थांबले. बगदादपर्यंत जायला ठरावाचा आधार नव्हता, सोबतच्या अरब देशांनाही ते नको होतं, आणि अमेरिका गेली नाही. म्हणजे सोबत्यांच्या 'नाही'ला वजन होतं.

2003 मध्ये धाकटे बुश होते. फ्रान्स, जर्मनी, रशिया 'नाही' म्हणाले. तुर्कस्तानच्या संसदेने आपल्या भूमीवरून फौज जाऊ देण्याला मंजुरी दिली नाही. तरीही मार्चमध्ये हल्ला झाला. सोबत ब्रिटनसह बरेच देश होते, यादी मोठी होती. पण बेत आधीच ठरला होता, बाकीच्यांनी फक्त यायचं की नाही एवढंच ठरवायचं होतं. भारताच्या संसदेने एप्रिल 2003 मध्ये या युद्धाविरुद्ध ठराव केला. जुलैमध्ये इराकमध्ये सैन्य पाठवण्याची अमेरिकेची विनंतीही भारताने मान्य केली नाही. ज्या शस्त्रांच्या नावाने युद्ध झाले, त्यांचे साठे सापडले नाहीत. अमेरिकेचे सैन्य बाहेर पडायला डिसेंबर 2011 उजाडला. त्यांचे सुमारे साडेचार हजार सैनिक गेले आणि इराकी लोक तर त्याच्या कितीतरी पट.

बगदाद तीन आठवड्यांत पडलं होतं. आसईसुद्धा एका दुपारचीच गोष्ट. जिंकणं सोपं, निस्तरणं कठीण.

एकतर्फी निर्णयाचा आणखी एक दोष आहे. तो जितक्या सहज होतो, तितक्याच सहज फिरतो. हवामानाचा पॅरिस करार 2015 चा. अमेरिका 2020 मध्ये बाहेर पडली, 2021 मध्ये परत आली आणि जानेवारी 2025 मध्ये पुन्हा बाहेर पडण्याचा आदेश निघाला. मग बाकीचे देश अशा शब्दावर पंचवीस वर्षांचे प्लॅन कसे करणार?

याउलट 1987 चा मॉन्ट्रियल करार पाहा. ओझोनचा थर वाचवण्यासाठी फ्रिज आणि एसीतले सीएफसी वायू बंद करायचे होते. एकट्या अमेरिकेने आपल्याकडे बंद करून भागलं नसतं, कारण आभाळाला बॉर्डर नसते. गरीब देश म्हणाले, "आम्हाला वेळ आणि पैसा हवा." ते ऐकलं गेलं, त्यांना जास्त मुदत मिळाली, निधी उभा राहिला. जगातले सगळे देश त्यात आले आणि ओझोनचा थर सावरतो आहे.

मग कधीच एकट्याने वागू नये का?

असंही नाही. प्रामाणिकपणे सांगायचं तर सहकार्य फार हळू चालतं. 1994 मध्ये रवांडात शंभर दिवसांत लाखो माणसे मारली गेली आणि जग बैठका घेत राहिलं. आपलं 1971 घ्या. बांगलादेशातून सुमारे एक कोटी निर्वासित आले. इंदिरा गांधी आधी युरोप-अमेरिकेत जाऊन सगळ्यांना भेटल्या. कोणी हाललं नाही. डिसेंबरमध्ये पाकिस्तानने हवाई हल्ला केला, तेव्हा आपण लढलो आणि 16 डिसेंबरला जिंकलो. पण महत्त्वाचं पुढे आहे. मार्च 1972 मध्ये आपलं सैन्य बांगलादेशातून परत आलं. एकट्याने करावं लागलं तरी आधी दार ठोठावलं आणि नंतर वेळेवर घरी आलो.

श्रीलंकेत मात्र आपली परीक्षा झाली. 1987 च्या करारानुसार आपली शांतिसेना गेली. करार दोन सरकारांत झाला, पण ज्यांच्यासाठी होता त्यातल्या बऱ्याच जणांना तो मनापासून मान्य नव्हता. सुमारे बाराशे भारतीय जवान तिथे गेले. शेवटी श्रीलंकेचेच राष्ट्राध्यक्ष प्रेमदासा म्हणाले, "परत जा." मार्च 1990 मध्ये आपण परत आलो. तेव्हा अनेकांना हा अपमान वाटला. मला वाटतं, ती आपली लाज नव्हे. छोट्या शेजाऱ्याच्या 'नाही'ला आपण मान दिला.

हे मी का सांगते आहे? कारण अमेरिकेच्या नावाने बोटं मोडणं सोपं आहे. पण नेपाळ, भूतान, मालदीव, श्रीलंका यांच्या दृष्टीने बलवान कोण? आपणच! तिथल्या होस्टेलच्या टीव्ही रूममध्ये कदाचित आपल्या नावाने वाद चालत असतील. उद्या आपल्यातला कोणी शेजारच्या देशात धरण बांधेल, कोणी वीजवाहिनी टाकेल, कोणी ऑफिसर होऊन कराराच्या टेबलावर बसेल. तेव्हा आपण वसईचा तह लिहिणार, की मॉन्ट्रियलचा?

एवढंच लक्षात ठेवू या. कोणताही करार, आघाडी किंवा मैत्री पाहिली की एक प्रश्न विचारायचा, यातल्या सर्वात दुबळ्याला 'नाही' म्हणता येतं का? उत्तर 'हो' असेल तर ते सहकार्य. नसेल, तर सह्या कितीही असोत, बळी तो कान पिळीच!

आणि हो, पुढच्या सुट्टीत भोकरदनच्या मैत्रिणीकडे जाणार आहे. केळणा-जुईच्या काठी उभं राहून आसई बघायची आहे. कोणाला यायचं असेल तर सांगा. 'नाही' म्हणायलाही हरकत नाही!